गेरूच्या रेघेबाहेरचा उजेड

परवा फोनवर तू म्हणालीस की खांद्याच्या दुखण्यावर तिकडे तुला लेझर देतात. वर विचारलंस, "आजी, लेझर म्हणजे काय ते तुला कळतं का?" मी हो म्हटलं, तर तू आणि तुझी बहीण, दोघीही हसलात. फोनवर सगळं सांगत बसले असते तर तुमची झोपेची वेळ टळली असती. म्हणून लिहून ठेवते.

मी जळगावात लेझर पाहिला तेव्हा तुमची आई कॉलेजात होती. नव्वदीची सुरुवात असेल. तो मला घ्यायचा नव्हता, तुमच्या पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना घ्यायचा होता. घरात सगळे तिला माय म्हणत. लग्न होऊन मी धुळ्याहून आले तेव्हापासून मीही मायच म्हणत आले, पण बोलताना मात्र अहो-जाहो.

माय फैजपूरजवळच्या गावी राहायची. केळीचे मळे, दारात बैलगाडी, आणि ती कधी एका जागी बसलेली नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या डाव्या हाताला नागीण झाली. खांद्यापासून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या अंगाने, फोडांची ओळ. गावात नागीण उतरवणारे एक आबा होते. त्यांनी गेरू कालवून मोरपिसाने फोडांच्या भोवती रेघ ओढली. आपल्याकडे अशी समजूत होती की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो, आणि गेरूची रेघ नागीण ओलांडत नाही. मी इंग्रजीतून शिकलेली, शाळेत इंग्रजी शिकवणारी. मला हे पटलं नव्हतं. पण फोड वाळले, खपल्या पडल्या, आणि आबांचं नाव झालं.

दुखणं मात्र गेलं नाही.

संक्रांतीला आम्ही तिला जळगावला घेऊन आलो. एसटीत ती डावा हात अंगापासून लांब, तळवा वर करून धरून बसली होती, कारण त्या हाताला कशाचाही स्पर्श सोसवत नव्हता. कंडक्टर म्हणाला, "आजी, आता आत बसलात ना? अजून कोणाला हात दाखवताय?"

"तुह्या डायवरले आशीर्वाद देते," माय म्हणाली. "नीट चालव म्हना त्याले."

सगळी गाडी हसली. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते, ते फक्त मला दिसले.

घरी आल्यावर पहिलं काम मी काय केलं, तर तिच्या चोळ्यांच्या डाव्या बाह्या कापून काढल्या आणि कडा आतून दुमडून शिवल्या. पदराचा काठ लागला तरी ती दचकायची. गंमत अशी की कोणी हात घट्ट धरला तर ते तिला थोडंफार चालायचं. पण हलका, पुसटसा स्पर्श झाला की डोळ्यांत पाणी. पहिल्या दिवशी मी सवयीने तिच्या हातावर फुंकर घातली, लहान मुलांना घालतो तशी. ती मागे सरकली.

"नको व, फुकू नको. निखारा ठेवल्यावानी वाटतं."

मग तिच्या खोलीतला पंखा आम्ही बंदच ठेवला.

चामडीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "नागीण गेली आहे, पण जाताना नस भाजून गेली." मला समजावं म्हणून त्यांनी टेलिफोनचं उदाहरण दिलं. आमच्याकडे नुकताच फोन आला होता, आणि उचलला की कुठल्यातरी अडत्याचं कापसाच्या भावाचं बोलणं कानावर पडायचं. डॉक्टर म्हणाले, "तसंच झालंय. स्पर्शाची तार आणि दुखण्याची तार एकमेकींत अडकल्यात. पदर लागला हा निरोप निघतो, पण पोचतो दुखण्याच्या घरी."

मी हे मायला सांगितलं. ती म्हणाली, "मंग राँग नंबर म्हनून ठेवून द्यावं ना त्या नशीनं."

गोळ्यांनी दुखणं थोडं कमी झालं, पण माय दिवसभर पेंगायला लागली. जेवताना घास हातात तसाच राही. तेव्हा डॉक्टरांनी एका नव्या दवाखान्याचं नाव सुचवलं. तिथे व्यायाम आणि शेक देणारी एक तरुण डॉक्टरीण होती, आणि तिने मुंबईहून लेझरचं यंत्र आणलं होतं. जळगावात ते नवंच होतं.

यंत्र म्हणजे एक पेटी आणि तिला तारेने जोडलेली जाड पेनासारखी नळी. नळीच्या टोकाला लाल ठिपका. डोळे सांभाळायला आम्हा तिघींनाही काळे चष्मे. मायने चष्मा लावून समोरच्या आरशात पाहिलं.

"सिनेमातली बाई दिसते का मोतीबिंदूची?" तिने मला विचारलं.

"सिनेमातली," मी म्हटलं.

"खोटं बोलतं व तू."

डॉक्टरीण मूळची धुळ्याकडच्या खेड्यातली. बोलायची शहरी मराठी, पण नळी हाताजवळ आणताना तिच्या तोंडून घरची अहिराणी निघून गेली, 'आहे'ला 'शे' म्हणणारी, मी धुळ्याची असून कधी न बोललेली. "दुखस का आजी? भ्याऊ नका. हाऊ निस्ता उजेड शे."

नळी हाताला न टेकवता, वरून उजेड पडत होता, आणि माय त्या मुलीच्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं घाबरली. घरी येताना रिक्षात तिने आपण होऊनच सांगितलं.

"माही मोठी बहीन धुयाकडे दिली होती. पहिल्या आखाजीच्या सनाले घरी आली तं शे-शे करत आली. आम्ही लई चिडवलं तिले. तेच शेवटचं."

त्याआधी मायच्या तोंडून मी त्या बहिणीबद्दल कधी ऐकलं नव्हतं. बाळंतपणात ती सासरीच वारली, एवढंच त्या दिवशी कळलं. पुढे मीही विचारलं नाही.

आम्ही एक दिवसाआड जाऊ लागलो. रिक्षात वारा लागू नये म्हणून माय केळीच्या पानाचा तुकडा हाताभोवती, पण हाताला न टेकवता, धरून बसायची. पान गावाहून येणाऱ्या कोणाकडून तरी मिळे. आधी मानेजवळ आणि दंडावर उजेड दिला. मायचं म्हणणं असं की यात काही राम नाही.

"तापल्या सळईनं डाग देतात तं कळतं तरी की काही दिलं. यात ऊन नही, चटका नही. उजेडानं दुखनं जातं तं उन्हात बसली असती मी."

मला त्या यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी पत्रक वाचायला मिळालं होतं. मी तिला जमेल तसं सांगितलं: हा उजेड एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा. तो कातडीखाली शिरतो. त्याने नसेचा धावता निरोप मंदावतो, आणि भाजलेल्या पेशींना भरून यायला बळ मिळतं, असं म्हणतात. "असं म्हणतात" हे मी मुद्दाम म्हटलं, कारण पत्रकातही छातीठोक काही नव्हतं.

मग एकदा डॉक्टरीण म्हणाली, "दंड बरा आहे आता. परवापासून कोपराच्या खाली येऊ."

त्याच संध्याकाळी चहा पिताना मी हे तुमच्या आजोबांना सांगितलं. त्यांना यंत्रांची भारी आवड. ते कौतुकाने आईला म्हणाले, "माय, लई भारी गोष्ट आहे ही. मुंबईले लोकं लेझरनं गोंदनसुद्धा काढून टाकतात. पेपरात आलं होतं."

मायने बशी खाली ठेवली.

तिच्या डाव्या हातावर, कोपर आणि मनगटाच्या मध्ये, गोंदण होतं. तुळशीवृंदावन आणि त्याच्या खाली ठिपक्यांची रांग. त्या काळच्या बायकांच्या हातावर असायचंच. मी ते रोज बघत होते, म्हणजे बघत नव्हते.

जायच्या दिवशी माय म्हणाली, आज चतुर्थी आहे, आज नको. त्यानंतर म्हणाली पोटात कसंतरी होतंय. मग म्हणाली, पैसा आणि वेळ कशाले वाया घालवता, मी गावाले जाते. मला वाटलं, गुण येत नाही म्हणून कंटाळली. मी समजूत घालत राहिले. तुमच्या आजोबांनीही घातली. आपल्या चहाच्या वेळच्या बोलण्याचा यात काही हात आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आणि एका सकाळी मी उठते तो माय तयार. केस विंचरलेले, हाताभोवती केळीचं पान. "चल," म्हणाली.

निघताना मागच्या अंगणात माझं लक्ष गेलं. तुळशीची कुंडी रंगवायचा गेरू मी एका डब्यात ठेवत असे, झाकण घट्ट लावून. झाकण तिरकं होतं, आणि शेजारी एक मोरपीस पडलेलं, टोक लाल आणि ओलं. कुंडी मात्र होती तशीच. मला ती अव्यवस्था खटकली, पण रिक्षा दारात उभी होती.

दवाखान्यात डॉक्टरिणीने पान बाजूला केलं आणि थांबली.

"हाई काय शे आजी? कोनी लावं?"

गोंदणाच्या भोवती, चारी बाजूंनी, गेरूची जाड रेघ होती. एखाद्या शेताला कुंपण घालावं तशी.

"म्या," माय म्हणाली.

"कशासाठी?"

"तुहा उजेड याच्या आत येऊ नये म्हनून. नागीन गेरूची रेघ वलांडत नही. उजेडबी नही वलांडनार. बाहीर कुठंबी मार तू. याच्या आत नको."

मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते ओलं मोरपीस आलं. मोरपिसासारखा हलका स्पर्श. नेमका तोच तिला सर्वांत जास्त जाळायचा.

"माय, तुम्ही हे पिसानं लावलं? दुखलं नाही?"

"दुखलं ना व. दोनदा न्हानीच्या भितीले डोकं टेकून बसली. मंग पुन्हा लावलं."

डॉक्टरिणीने यंत्र बंद केलं, काळा चष्मा काढला आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. माय आपणच बोलली, माझ्याकडे न बघता, त्या धुळ्याच्या मुलीकडे बघून.

"आम्हा दोघी बहिनींनी एकाच दिवशी गोंदून घेतलं. मी रडत होती तं तिनं माहा हात मांडीत धरून ठेवला. तिचं वृंदावन अन् माहं वृंदावन एकच. तिचा चेहरा मले आता आठवत नही, बाई. फोटू नव्हता तव्हा. गोंदन आठवतं, कारन ते माह्या हातावर आहे."

"आजी," ती मुलगी म्हणाली.

"सोनं-नानं इथंच राहतं. गोंदन तेवढं संगं येतं. वर गेल्यावर ती मले कशी ओयखन? मी म्हातारी झाली. ती तशीच असन, पोरसवदा. हात दाखवीन तं ओयखन. तो कोरा झाला तं कोन मी?"

पलीकडच्या पडद्याआड कोणाचा तरी गुडघा शेकला जात होता, त्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती.

मग डॉक्टरीण म्हणाली, "आजी, गोंदण काढतात तो लेझर वेगळा. तो फार जोराचा असतो. हा मऊ आहे, याने गोंदण जात नाही. पण काळा-हिरवा रंग उजेड जास्त पितो, तिथे ऊन लागल्यासारखं होतं. म्हणून मी गोंदणावर नळी तशीही धरणार नव्हते."

"कशावरून जात नही?"

त्या मुलीने आपलं मनगट उलटं केलं. तिथे हिरवा ठिपका होता, जत्रेत गोंदलेला असेल. तिने चष्मा लावला, आम्हाला लावायला सांगितला, आणि लाल उजेड त्या ठिपक्यावर धरला. बराच वेळ धरला. "थोडं ऊन लागस," ती म्हणाली. "देखा. शे का नही?"

मायने वाकून ठिपका पाहिला. बोट लावून पाहिला.

"आज आहे," ती म्हणाली. "उद्याचं कोनी पाह्यलं?"

पण हात मात्र तिने पुढे केला. डॉक्टरिणीने गेरू पुसला नाही. रेघेच्या बाहेरून, कडेकडेने, कोपरापासून मनगटापर्यंत नळी फिरवत नेली, बांधावरून चालावं तशी. मायची नजर लाल ठिपक्यावरून हलली नाही. तो रेघेच्या जवळ आला की तिचा श्वास अडायचा.

पुढच्या वेळी गेल्या गेल्या मायने आधी त्या मुलीचं मनगट मागितलं. ठिपका जागेवर होता. "हं," म्हणाली. त्याच्या पुढच्या वेळीही पाहिला. मग पाहायचं सोडून दिलं. गेरूची रेघ अंघोळीच्या पाण्याने हळूहळू फिकट होत गेली, ती तिने पुन्हा ओढली नाही. पण ती होती तिथल्या आत उजेड गेला नाही तो नाहीच.

तुमच्या आजोबांना मी घरी येऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेपर समोर धरून बसले. दुसऱ्या दिवशी आईजवळ जाऊन म्हणाले, "माय, दाखव बरं ते गोंदन." तिने दाखवलं. त्यांनी हात पाठीमागे बांधून, हाताला वारासुद्धा लागणार नाही इतक्या जपून, वाकून पाहिलं. जन्मभर बघितलेला आईचा हात ते पहिल्यांदा बघत होते.

जळगावचा उन्हाळा कसा असतो हे तुम्हाला मे महिन्यातल्या दोन सुट्ट्यांवरून ठाऊक आहे. होळीनंतर भिंती तापायला लागल्या. मायच्या खोलीत पंखा बंद. मी दुपारी शाळेतून आले की तिच्याजवळ बसून पेपर तपासायची, आणि घामाने कागद हाताला चिकटायचे. ती म्हणायची, तू बाहीर बस. मी म्हणायची, इथे उजेड चांगला आहे.

अशाच एका दुपारी माय म्हणाली, "लाव तो पंखा."

मी मान वर केली.

"एकवर लाव. पाहू तं खरं."

पंखा खडखडत फिरायला लागला. मायने डोळे मिटले. दंडावर वारा लागत होता, ती ओठ दाबून बसली होती, आणि मग तिने ओठ सैल सोडले. थोड्या वेळाने तिला झोप लागली. मी पंख्याचा वेग वाढवला नाही, आणि उठलेही नाही.

हे लेझरमुळे झालं का, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. मी डॉक्टरिणीला सरळ विचारलं होतं. ती म्हणाली, "किती उजेडाचं आणि किती काळाचं, हे मलाही सांगता येत नाही, काकू. काहींचं आपोआपही ओसरतं. आम्ही अजून शिकतोय." तिच्या या उत्तरावर माझा यंत्रापेक्षा जास्त विश्वास बसला. तुलाही तिकडे कोणी असं उत्तर दिलं तर त्या माणसाला सोडू नकोस.

आखाजीला मायने गावी जायचा हट्ट धरला. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. तुमच्या आजोबांची बहीण, म्हणजे माझी नणंद, येणार होती, आणि मायने तिच्यासाठी मांडे करायचे ठरवले होते. मांडे तुम्ही खाल्ले आहेत, करताना पाहिलेले नाहीत. पुरण भरलेला उंडा लाटतात, मग तो दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, झेलत झेलत मोठा करत नेतात. तो ओढणीसारखा हातांवरून लोंबतो, आणि मग चुलीवरच्या उलट्या, तापलेल्या खापरावर अलगद सोडतात. सगळं काम हाताच्या त्या आतल्या बाजूचं.

"मी करते," नणंद म्हणाली.

"तुह्या हातचा मांडा फाटतो," माय म्हणाली. "बस तिकडं."

पहिला मांडा तिने हातावर घेतला तेव्हा आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या होतो. डाव्या हातावरून कणीक घसरत, पसरत गेली, गोंदणावर आली. मायचा चेहरा आक्रसला. पण हात हलला नाही. मांडा न फाटता खापरावर गेला.

"दुखलं?" मी विचारलं.

"वरती नही. इथं दुखलं." तिने हनुवटीने गोंदण दाखवलं. "इथं उजेड नही गेला ना. राहू दे तेवढं. तिचं आहे ते."

आणखी काही मांडे झाले. शेवटी ती पाटावर टेकली. हातभर पिठाचा पांढरा थर बसला होता आणि वृंदावन त्याच्याखाली झाकून गेलं होतं. मी पुसायला पदर उचलला आणि थांबले.

"फुक," माय म्हणाली.

मी हळूच फुंकर घातली. पीठ उडालं आणि एकेक ठिपका वर आला. ती हाताकडे बघत राहिली.

"लागली?"

"लागली ना. पन आता फूक फुकीवानी लागली."

त्यानंतर माय बरीच वर्षं होती. तुझा जन्म तिने पाहिला. त्याच हातावर तिने तुला घेतलं होतं, तू फार वळवळायचीस, आणि तिने तुला खाली ठेवलं नाही.

ती गेली तेव्हा मी आणि नणंद, आम्ही दोघींनी तिला अंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. नणंदेने रीतीप्रमाणे दोन्ही हात पदराखाली घेतले. मी तिला थांबवलं. डावा हात बाहेर काढला, बांगड्या मनगटाकडे सरकवल्या, आणि वृंदावन वर येईल असा तो नीट ठेवला.